टपरीवरची रेकी

निवृत्तीनंतर माझी पहिली पोस्टिंग बेसा गावातल्या एका चहाच्या टपरीवर झाली. ऑर्डर बायकोची होती. फौजेत चोवीस वर्षं काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो, पण इतकी साफ ऑर्डर एकाही कर्नलने दिली नव्हती. कमल बॅग भरून नरखेडकडे भावाच्या घरी निघाली आणि एसटीच्या पायरीवरून म्हणाली, "दारू सुटली की फोन करा. पण खरं सांगा. तुमचं खोटं मले फोनवरूनही ऐकू येते."

दारू सोडणं एकवेळ जमलं असतं. खरं बोलण्याचं मात्र ट्रेनिंग नव्हतं. बर्फातल्या पोस्टवर रम बाटलीतच गोठली, तेव्हा आम्ही ती कुऱ्हाडीने फोडून खिशात भरली आणि चघळत गस्त घातली, असं मी अजूनही सांगतो. लोक चहा पाजतात.

टपरीसमोर शाळा होती. तिच्या मागच्या खोलीत दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी १८०० वाजता दारू सोडणाऱ्यांची सभा भरते, अशी पक्की खबर होती. पण शिकलेला सैनिक थेट घुसत नाही. आधी रेकी, म्हणजे लांबून टेहळणी. तीन आठवडे मी बाकड्यावर बसून कॅलेंडरच्या पाठीवर नोंदी केल्या. १७५०, पहिला इसम, स्कूटरवर. १८१५, आतून हसण्याचा आवाज. १९००, सगळे बाहेर, चाल सरळ. निष्कर्ष: दारूशिवाय माणसं इतकी हसत नाहीत, आत साठा असणार.

टपरीवाले वासुदेवभाऊ काडीसारखे बारीक, गळ्यात उन्हाळ्यातही मफलर. सभेच्या दिवशी १७५५ला ते गॅस बंद करत, किटली माझ्यापुढे ठेवत आणि "दूध आणतो, जरा लक्ष ठेवा" म्हणून टपरीमागच्या वाटेने निघत. परत १९०५ला. मी तेही लिहून घेतलं. त्यांच्या हातात दुधाची पिशवी एकदाही दिसली नाही, हे मात्र चोवीस वर्षांच्या अनुभवातून निसटलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी त्यांनी टपरीला कुलूप लावलं.

"चला, हवालदार सायब."

"कुठं?"

"दूध आणायले. तीन हप्ते झाले, तुमी बाहेरून पहारा देऊन राहिले. आत काय तोफा लागल्या हायेत का?"

मी विचारलं, तुम्हीही प्यायचे? ते म्हणाले, "मी प्यायचो तवा गाय बी मले पाहून रस्ता बदले."

आत अकरा माणसं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. साठा नव्हता. माझी पाळी आली तसा मी सावधान उभा राहिलो आणि नंबर, रँक, नाव सांगितलं. मग सुरू झालो. रोज एक ड्रम प्यायचो, घाम पुसला की रुमाल पेटायचा. लोक खुर्च्यांसकट हलले. वासुदेवभाऊही हसले, मग म्हणाले, "सायब, इथं सारे कमी करून सांगतात. वाढवून सांगणारे तुमी पहिलेच. आता एक गोष्ट जशीच्या तशी सांगा. लहान असली तरी चालते."

वेळ १८२०. सावधानमधून मी आपोआप विश्राममध्ये आलो. गोळीबारात ही अवस्था झाली नव्हती.

फौजेत प्रत्येकाला एक बडी असतो, जोडीचा सैनिक. माझा बडी नायक देवराव, कुही गावचा. आमच्यात रीत होती, फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, एक नसला तर त्याच्या गैरहजेरीचं कारण दुसऱ्याने द्यायचं. देवराव पिऊन पडलेला असला की मी द्यायचो: पोट बिघडलं, साहेब. तो गेल्यावरही मी कारण देतच राहिलो. गस्तीवर गोळी लागली म्हणून सांगायचो.

मी म्हणालो, "देवराव गोळीने गेला नाही. कुहीत घरच्या खाटेवर गेला. डॉक्टरने दारू बंद केली होती. शेवटची बाटली मी नेली."

१८२३. शेजारच्याने खुर्ची थोडी जवळ ओढली. उठताना वासुदेवभाऊ एवढंच म्हणाले, "सोमवारी या."

गेलो. जात राहिलो. साठ्याशिवाय माणसं कशी हसतात, तेही कळलं.

मग एका दुपारी कमलला फोन लावला. मागे संत्र्याच्या बागेतल्या पंपाचा आवाज येत होता.

"किती दिवस झाले?"

जिभेवर शंभर तयार होते. गोल, सॅल्यूट मारावा असा आकडा.

"सत्त्याऐंशी."

"मधात?"

"नवव्या दिवशी घसरलो. तिथून पुन्हा पहिल्यापासून मोजले."

तिने पंप बंद केला.

"शंभर म्हटलं असतं तर फोन ठेवला असता मी," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या एसटीनं येते."

१११० वाजता उतरली, बरोबर संत्र्यांचं पोतं. मी ते एका हाताने उचललं. तिने पाहिलं. बरं, दोन हातांनी.

सोमवार-गुरुवार अजून सुटलेले नाहीत. नंबर, रँक आता सांगत नाही, नुसतं नाव. सभा संपताना वासुदेवभाऊ विचारतात, बोलायचं कोणी राहिलं का. तेव्हा मी उभा राहतो आणि माझ्या बडीचा रिपोर्ट देतो.

देवराव, राहणार कुही. गैरहजर. कारण, दारू.