नाट्यगृहाच्या पाटीवरची बारावी ओळ

आमच्या तालुक्याला नाट्यगृह मिळालं तोवर मला निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि घरात मला कुणीही घाबरत नव्हतं. सून प्रेमळ, नातवंडं लाडावलेली, मुलगा कांद्याच्या चाळीत गुंतलेला. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई म्हणून काढलेल्या माणसाला असलं सुख फार जड जातं. त्यामुळे नाट्यगृह समितीचे अध्यक्ष एका सकाळी निरगुडसरला आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि "बाई, तिथं जरा शिस्त लावायची व्हती," म्हणाले, तेव्हा चहाचं आधण ठेवायच्या आधीच मी हो म्हणून मोकळी झाले.

शिस्तीची गरज होती, हे मात्र खरं. उद्घाटनाच्या दिवशीच कुणीतरी दारातल्या नटराजाला हळदकुंकू वाहिलं. झालं! मागून येणाऱ्याला वाटलं, देऊळच आहे. त्याने चपला पायरीवर काढल्या, त्याचं बघून पुढच्याने काढल्या, आणि तासाभरात तिथे पाचशे माणसांच्या चपलांचा ढीग झाला. कार्यक्रम दोन तास चालला आणि चपला शोधणं तीन तास. अध्यक्ष दोन्ही डाव्या पायाच्या चपला घालून घरी गेले. पुढे भजन स्पर्धेला लोक ओल्या शेंगा घेऊन आले आणि टरफलं खुर्च्यांच्या फटीत कोंबून गेले. एका मंडळाने रंगमंचाच्या कडेवर नारळ फोडला, त्यात नवी कोरी फळी चिरली. पहिल्या तीन रांगांवर सकाळपासून टॉवेल टाकलेले असायचे. एकाने तर कोथिंबिरीची जुडी ठेवून खुर्ची धरली होती, आणि ती जुडी कुणीतरी घरी नेली म्हणून दोन गावांत भांडण लागायची वेळ आली.

मी दोन दिवस बसून अकरा नियम लिहिले. चपला दारात काढू नयेत. शेंगा, मका, ऊस आत आणू नये. खुर्चीवर वस्तू ठेवून जागा धरू नये. खेळ चालू असताना मध्ये बोलू नये, शिट्टी मारू नये, टोपी उडवू नये, हा चौथा. कुणीही पाहुणा आला तरी त्याच्या सत्कारासाठी खेळ थांबवू नये, या सातव्याला अध्यक्षांनी बराच विरोध केला. "बाई, आमदार आले तर?" मी म्हटलं, "आमदारांनी वेळेवर यावं." त्यांनी मान डोलावली, कारण तिसरीला तेही माझ्याच वर्गात होते.

पाटी रंगवायला जुन्नरचे एक पेंटर आले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. चाळीस वर्षं त्यांनी तमाशा फडांचे फलक आणि कनातींवरची अक्षरं रंगवली होती. अकरा ओळी खडूने आखून झाल्यावर ते शिडीवरून खाली उतरले आणि मान तिरकी करून पाटीकडे बघत राहिले.

"बाई, पाटी बारा ओळींची हाय. एक रिकामी ऱ्हाती."

"मग अक्षर मोठं काढा."

"काढतो की. पर अकराच्या अकरा मनाईच्याच हायेत. माणूस तिकीट काढून आत आल्यावर तेनं करायचं काय, ते कुठंच न्हाई."

"गप्प बसून बघायचं. आणखी काय करायचं असतं?"

चाचांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून हलवला. "तुमी तमाशा बघितलाय का बाई कधी?"

नव्हता बघितला. आमच्या वेळी जत्रेतला तमाशा पुरुषांचा. बायकांनी घरी पुरणाचा स्वयंपाक करायचा आणि लांबून ढोलकी ऐकायची. मास्तरीणबाईने तर तिकडे कानही द्यायचा नाही. तसं सांगितल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "मग ती ओळ राहू द्या मोकळी. सुचलं तर सांगा." मला तो आगाऊपणा वाटला, पण रंग त्यांचा, शिडीही त्यांची.

महिनाभराने माझ्याकडे एक पाहुणा आला. साठीचा, केस काळे केलेले, चालताना डावा पाय किंचित ओढत होता. ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "बाई, वळखलं का?" मी ओळखलं. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी चौथीत होता. इतका बोलका मुलगा मी पुन्हा पाहिला नाही. मी फळ्याकडे वळले की मागून काहीतरी बोलायचा आणि सगळा वर्ग खदखदायचा. अर्धं वर्ष मी त्याला उभंच ठेवलं होतं. पुढे शाळा सोडून तो तमाशाच्या फडात गेला आणि सोंगाड्या झाला, म्हणजे फडातला विनोद करणारा. गावोगाव त्याच्या नावावर गर्दी होते असं कानावर यायचं, तेव्हा मला आपलं काहीतरी चुकलं असंच वाटायचं.

"तुमी उभं केलं म्हणूनच चार लोकांत उभं ऱ्हायची सवय लागली," तो हसत म्हणाला. मग चहा पिताना सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. जीभ सुटायला सहा महिने लागले. डावा हात अजून मधूनच थरथरायचा, म्हणून तो उजव्या हाताने धरून मांडीवर ठेवला होता.

"रविवारी नाट्यगृहात आमचा खेळ हाय, दुपारी तीनला. मालक म्हणलं, एकदा करून बघू. लोकांनी घेतलं तर दसऱ्यापास्नं फडात चल. न्हाई घेतलं तर पेटी घरी घेऊन जा." पेटी म्हणजे त्याच्या सोंगाच्या कपड्यांची लोखंडी ट्रंक. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती फडाच्या गाडीतून फिरत होती. "घरी ती पेटी ठेवायची कुठं, बाई? मला तर तिच्याकडं बघवायचं न्हाई."

हेही तो हसूनच बोलला, पण मला हसू आलं नाही. माझं मन भरून आलं आणि ते लपवायला मी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तू काळजी करू नकोस. मी पहिल्या रांगेत बसते. तुझ्या खेळात कुणाला खोकूसुद्धा देणार नाही."

काहीतरी बोलायचं होतं त्याला. पण "बरं, बाई," एवढंच म्हणून तो गेला. माझ्यासमोर उलट बोलायचं धाडस त्याच्यात अजूनही नव्हतं.

रविवारी नाट्यगृह खच्चून भरलं. बायका-पोरं आली होती, अवसरीच्या कॉलेजातली मुलं मागे उभी होती. गलका तर असा, की मी माईकवर नियम वाचायला लागले तरी कुणाचं लक्षच नाही. दुसऱ्या नियमाला एकजण माझ्या डोळ्यांदेखत शेंग फोडत होता. सहाव्या नियमापर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग माझं डोकं फिरलं आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

सगळं सभागृह एका झटक्यात गप्प झालं. तालुक्यातली कुठलीच शाळा माझ्या बदल्यांतून सुटली नव्हती, तळेघरपर्यंतच्या वाड्यांवर मी पायी जाऊन शिकवलं आहे. समोरच्यांपैकी निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली आणि उरलेली त्यांची बायका-पोरं. पांढऱ्या मिशांच्या बागायतदारांनी हाताची घडी घातली. सोसायटीचे चेअरमन, दोन माजी सरपंच, पोल्ट्रीवाले, सगळ्यांची बोटं ओठांवर. कॉलेजच्या मुलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनीही गुपचूप घडी घातली. मी उरलेले पाच नियम सावकाश वाचले आणि ऐटीत जागेवर जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर चाचा होते. त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, उकडत असेल.

गण झाला. गवळण सुरू झाली आणि मग तो आला. फाटकं उपरणं, विजार एका पायावर चढलेली, एका पायावर उतरलेली. कपाळावर आडवा हात धरून त्याने लोकांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काय मंडळी, जेवलात का?"

कुणी हललं नाही.

त्याने पुन्हा विचारलं. "आवं, जेवलात का म्हणतो?"

तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाचा चेहरा हसू दाबून लालबुंद झाला होता. पण त्याचं बोट ओठांवरच होतं आणि तो रंगमंचाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. सोंगाड्याने एक वाक्य टाकलं, ते तसंच पडून राहिलं. दुसरं त्याने अर्ध्यातच गिळलं. ढोलकीवाला वेळ मारून न्यायला नुसतीच थाप देत राहिला. मग सोंगाड्याचा डावा हात थरथरायला लागला, आणि त्याने तो उपरण्याखाली घेतला. विंगेत फडाचे मालक मान खाली घालून उभे होते.

"काय झालं हो?" मी चाचांच्या कानात विचारलं. "लोकांना आवडत नाहीये का?"

"बाई, हितं लोकं जबाब देत्यात," चाचा कुजबुजले. "तो इचारतो, हे वरडत्यात, तेच्यावर तेचं पुढचं वाक्य उभं ऱ्हातं. तुमी समद्यांना गप करून ठिवलंय."

ओट्यावर त्याला काय बोलायचं होतं, ते आता कळलं. त्याच्याच पेटीवर मी शिस्तीचा दगड ठेवला होता. "मग सांगा ना कुणाला तरी बोलायला!"

"तुमच्यासमोर? कुणाची छाती हाय?"

मी उठले. गुडघे कुरकुरले, खुर्ची करकरली, आणि पाचशे माणसांचे डोळे माझ्याकडे वळले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आवाज मात्र शाळेतलाच निघाला. "नाही जेवले! सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही!"

खरं तर दोन भाकरी आणि पिठलं खाऊन निघाले होते. वर्गासमोर धडधडीत खोटं बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

सोंगाड्याने कानामागे हात धरला. मग हळूच ढोलकीवाल्याकडे वळला. "कोन बोललं रं मधी?"

"बाई बोलल्या."

"पाटी वाचली न्हाई का तेंनी? नियम चार!"

"पाटी तेंनीच लिवलीया की."

"असं व्हय?" त्याने कंबरेवर हात ठेवला, अगदी मी ठेवायचे तसा. "उभ्या ऱ्हावा बाई! मी सांगंस्तोवर बसायचं न्हाई!"

आणि मग सभागृह फुटलं. इतका वेळ दाबलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आमी बी न्हाई जेवलो!" दुसरा म्हणाला, "बाईंना डबा द्या रं कुनीतरी!" बोटं ओठांवरून उतरली, ती शिट्ट्या मारायला पुन्हा वर गेली. दोन टोप्या उडाल्या, त्यातली एक तर चक्क अध्यक्षांची होती. सोंगाड्या एकेकाला जबाब देत सुटला. थरथरणारा हात त्याने मुद्दाम उपरण्यातून बाहेर काढला आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो बी बाईंच्याच शाळंतला. एका जागी बसंल तर शपथ!" लोक डोळे पुसत हसत होते. मीही हसत होते आणि रडतही होते, उभ्याउभ्याच. पाच मिनिटं त्याने मला उभं ठेवलं. मग म्हणाला, "बसा आता. आन मधी बोलत ऱ्हावा."

मी बसले आणि पुढचे दोन तास मनसोक्त मधे बोलले. घसा बसला. शेजारच्या बाईने शेंगा पुढे केल्या, त्याही खाल्ल्या. टरफलं मात्र पर्समध्ये टाकली.

खेळ संपल्यावर आत गेले तर तो लोखंडी पेटीवर बसून तोंडाचा रंग पुसत होता. माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला धरलं. तेवढ्यात फडाचे मालक आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. नुसतं गड्यांना म्हणाले, "ही पेटी आपल्या गाडीत चढवा. वाईच जपून."

दुसऱ्याच दिवशी मी जुन्नरला फोन केला. चाचा शिडी आणि डबा घेऊन आले, काय लिहायचं ते ऐकलं आणि रिकाम्या ओळीवर ब्रश टेकवला. जुना निळा रंग संपला होता, म्हणून बारावी ओळ हिरवी झाली. ती लांबूनही वेगळी दिसते. अध्यक्ष म्हणाले, एकसारखी करून घेऊ. मी म्हटलं, राहू द्या.

दसऱ्याला फड निघायच्या आधी तो मला भेटायला नाट्यगृहात आला. मी त्याला पाटीसमोर नेलं. "शेवटचं वाच. मोठ्याने."

चौथीत ठेवायचा तसं त्याने एकेका शब्दाखाली बोट ठेवलं. डावंच बोट, थोडं हलत होतं. "कलाकाराने… विचारल्यास… प्रेक्षकांनी… उत्तर द्यावे."

बोट तिथेच राहिलं. मग त्याने विचारलं, "आन न्हाई दिलं तर, बाई?"

"तर मी आहे ना पहिल्या रांगेत," मी म्हणाले. "एकेकाला उभं करते."