आवा का फुटला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज का सांगतोय — विचारू नका, ते मलाही नीट कळलेलं नाही.

गंगापूर रोडवरचा आमचा स्टुडिओ तुम्ही पाहिला असेल. काचेचं दार, पिवळे दिवे, कॉफीचे मग, बरण्या, कुंड्या. शनिवार-रविवारी तिथे वर्कशॉप असतं. चांगल्या घरच्या बायका फी भरून चाकावर बसतात, चिखलाच्या हातांचे फोटो काढतात. मी हसून म्हणतो, घाबरू नका मॅडम, माती कुणाला नाही म्हणत नाही. हे म्हणताना माझी जीभ कशी झडत नाही?

कारण आमच्या कुंभारवाड्यातल्या घरी बाईने चाकाला हात लावायचा नाही. माती तुडवायची, मडकी रंगवायची, डोक्यावरून बाजारात न्यायची — ते सगळं बायांनी. चाक तेवढं नाही. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, तसा कडक नियम होता. आणि माझा हात? माझं मडकं कायम एका अंगाला कललेलं. हात होता तो ताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. आप्पा बाजारात गेले की ती चाकावर बसायची आणि मी दारात राखण करायचो. तिची मडकी माझी म्हणून उन्हात मांडली जायची. आप्पा ती वाजवून बघत, खूश होत. मला ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

मग एका हॉटेलची बिर्याणीच्या हंड्यांची ऑर्डर आली. एवढं मोठं काम घरात पहिल्यांदाच आलेलं. ताईने रोज दुपारी बसून हंड्या घडवल्या. तेवढ्यात मालेगावला नात्यात मयत झाली, आप्पांना जावं लागलं. जाताना मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून ओल हाय. मी आल्याबिगर आवा पेटवू नको." आवा म्हणजे आमची भट्टी. पण हॉटेलवाल्याचे फोनवर फोन — आणि मलाही एकदा मालक व्हायचं होतं. मी आवा रचायला घेतला. ताईने विचारलं, "वाळलं ना रे समदं?"

"खडखडीत," मी म्हणालो.

ओल्या हंड्या फुटतात तेव्हा आतून कुणी दार ठोठावल्यासारखा आवाज येतो. आम्ही दोघं तो ऐकत उभे होतो. राख निवली तेव्हा खाली नुसती खापरं.

आप्पा परतले. त्यांनी एक खापर उचललं. ते काही विचारायच्या आत मीच बोललो. काय बोललो माहितीये? — "ताई चाकावर बसत होती, आप्पा."

एवढंच. फुटण्याबद्दल मी शब्द काढला नाही, काढायची गरजच नव्हती. आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाईचा हात लागला चाकाला, मग आवा कसा धरंल?" ओलीचं त्यांनी विचारलंच नाही. ताई मान खाली घालून उभी राहिली.

त्याच वर्षी तिला घोटीला देऊन टाकली. घाईघाईने, मिळेल त्या स्थळाला. तिच्यामागे घरात तिच्यासारखं घडवणारं कोण होतं? मी साचे आणले. साच्यातून एकसारखे, गुळगुळीत मग निघू लागले आणि धंदा वाढला. लोक म्हणतात, कुंभाराच्या पोराने नाव काढलं. आप्पा गेले तेही हेच समजून.

मागच्या महिन्यात ताई लेकीला घेऊन स्टुडिओत आली. पोरगी कॉलेजात आहे, चुणचुणीत. रिकामं चाक दिसल्यावर सरळ जाऊन बसली, मातीकडे हात नेला. ताई धावलीच. मनगट धरून तिला उठवलं.

"नको गं बाई," ती म्हणाली. "माझा हात लागला म्हणून मामाचा आख्खा आवा फुटला होता. समदं खडखडीत वाळलेलं, तरी फुटला."

मला वाटायचं, ताईला सगळं कळलंय आणि ती मोठ्या मनाने गप्प राहिली. त्या समजुतीवर मला इतकी वर्षं झोप लागत होती. तिने तर माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला होता — स्वतःच्या हातापेक्षा जास्त.

दोघी माझ्यासमोर उभ्या होत्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सांगायला याहून सोपी वेळ कुठली येणार होती?

मी तोंड उघडलं. चहा सांगितला.