फॅक्सला लावलेली कडी

माझ्या पॅकहाऊसमधलं फॅक्स मशीन पाहून लोक हसायचे. सगळं जग मोबाईलवर चालतं, तुम्ही हे काय जपून ठेवलंय? मी हसू द्यायचो. युरोपातला एक म्हातारा व्यापारी चौदा वर्षं माझी द्राक्षं घेत होता. त्याच्या ईमेलमध्ये शिरून कुणीतरी एकदा बँकेचा खातेनंबर बदलला, तेव्हापासून तो ऑर्डर फक्त कागदावर, स्वतःच्या सहीनं, फॅक्सवर पाठवायचा. फोनवर त्याला धड ऐकू येत नसे. म्हणजे माझा निम्मा सीझन त्या पिवळट पडलेल्या डब्यातून बाहेर यायचा.

आणि त्याच डब्यातून रोज सकाळी टोनरची जाहिरात यायची. पानभर काळा रंग आणि त्यात पांढऱ्या अक्षरांत 'टोनर स्वस्तात मिळेल'. ते पान छापण्यात माझा टोनर संपायचा. याला म्हणतात धंदा. टेम्पोत क्रेट चढवता चढवता मी स्वतःच्या पॅकहाऊसपर्यंत आलो, पण गिऱ्हाइकाचा माल आपणच संपवून त्याला परत विकायचा, इतकी हुशारी मला कधी सुचली नाही. त्याच्यामागे गोव्याची सहल, बिनतारण कर्ज, टक्कल घालवायचं तेल. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असे, 'जाहिरात नको असल्यास या नंबरवर कळवा.' मी कळवलं. असं कळवलं की पलीकडे घड साफ करणाऱ्या बायकांनी कात्र्या खाली ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून दुप्पट फॅक्स सुरू झाले. या नंबरवर जिवंत माणूस आहे आणि तो आपलं साहित्य शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, हे त्यांना समजलं होतं.

शेवटी शहरातल्या शालिमार बाजारातून मेकॅनिक बोलावला.

"शेठ, एकेक नंबर ब्लॉक करावा लागेल. नंबरमागे चार्ज."

"आणि ते उद्या नव्या नंबरवरून पाठवतील."

"मग मी परत येईन ना."

"तू येत राहायचं, ते पाठवत राहायचे. भागीदारी आहे का रे तुमची?"

अर्धा तास हुज्जत झाली, दोन चहा झाले, आणि एका फेरीच्या पैशात सगळ्यांचा बंदोबस्त करायचा असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो मुकाट्यानं मशीनपुढे बसला. माझ्याकडून सात-आठ नंबरांची यादी घेतली. म्हाताऱ्याचा नंबर सगळ्यात वर. यादीतला नंबर दिसला तरच मशीन फॅक्स घेणार, बाकी सगळे दाराबाहेर.

ऑफिसचं काम माझी बायको बघते. तिनं विचारलं, "परदेशातून आलेल्या कॉलचा नंबर दिसतो का याला?"

"दिसायला पाहिजे वहिनी. टेस्टिंग करून घेऊ. पण त्याचे वेगळे होतील."

"टेस्टिंग नको," मी म्हणालो. दोन चहा पाजून मिळवलेला विजय मी असा परत करणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मशीन गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गप्प मशीन दाखवत होतो.

त्याच आठवड्यात मी म्हाताऱ्याला पाच कंटेनरचा भाव पाठवला होता, जरा चढाच. आमची रीत ठरलेली होती. भाव पाठवला की तो दोन-तीन दिवस गप्प बसायचा आणि मीही गप्प बसायचो. आधी जो बोलला तो वाकला. त्याची सही आली की मगच तोड सुरू. म्हणून पाच बागांच्या मालकांना मी सांगून ठेवलं होतं, माझा शब्द आल्याशिवाय कात्री लावू नका.

चार दिवस झाले, पाच झाले. बागांत साखर भरली होती. एका बागवाल्याचा रोज फोन यायचा, "दादा, मणी नरम पडाया लागले. अजून किती थांबायचं?"

"अहो, एक फोन करून बघा ना त्याला," बायको म्हणाली.

"तो ताणतोय. मी फोन केला की संपलं."

"तो ताणतोय की तुम्ही?"

सहाव्या दिवशी मुंबईच्या शिपिंग एजंटचा फोन आला. "शेठ, तुमच्या म्हाताऱ्याचं बुकिंग तुमच्या समोरच्या पॅकहाऊसच्या नावानं आलंय. सोडलंत की काय त्याला?"

समोरचा म्हणजे हायवेच्या पलीकडचा. माझ्यामागून आलेला, मला बघून बघून शिकलेला. त्यानंच भाव पाडून माझं गिऱ्हाईक फोडलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तिकडे जाऊन त्याची कशी पूजा बांधायची ते मी गाडीची किल्ली शोधता शोधता मोठ्यानं सांगत होतो. तेवढ्यात बायकोनं मशीनमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. परत पाठवलेल्या कॉलची यादी. जाहिरातवाल्यांच्या नंबरांमध्ये अकरा ओळी वेगळ्या होत्या. नंबराच्या जागी नुसत्या रेघा.

"टोनरवाले असतील," मी म्हणालो.

"टोनरवाले सकाळी यायचे. हे अकराही दुपारी दीडनंतरचे. तिकडे तेव्हा ऑफिस उघडतं."

मी फोन लावला. चौदा वर्षांत पहिल्यांदा आधी मी बोललो, आणि तेही ओरडून, कारण त्याला ऐकू येत नव्हतं. त्याला वाटलं होतं, भाव वाढवायला मी मशीनची वायर काढून ठेवलीय. त्याचं काय चुकलं? आदल्या सीझनला मी खरोखरच काढली होती. चार दिवस त्यानं वाट पाहिली. जहाज थांबणार नव्हतं, म्हणून तीन कंटेनर समोरच्याला दिले.

"आणि माझा भाव?"

"तो मी पहिल्याच फॅक्समध्ये मान्य केला होता. पूर्ण."

चौदा वर्षांत त्यानं एकदाच घासाघीस केली नाही, आणि नेमकं तेव्हाच माझ्या मशीननं त्याला दारातून हाकललं. उरलेले दोन कंटेनर त्यानं समोरच्याच्या भावानं देऊ केले. मी लगेच हो म्हणालो. बायकोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मेकॅनिकवर माझा राग अजून आहे. टेस्टिंग नको म्हटलं की खरंच करायचं नाही, असा कुठे नियम आहे का? मशीन पहिल्यासारखं करून द्यायला त्यानं पुन्हा फेरीचे पैसे घेतले, आणि मोजताना तो हसत होता असं मला वाटलं.

दोन बागांना तोड लावायला सांगितलं. उरलेल्या तिघांकडे मी स्वतः गेलो, कारण फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती. माल आता लोकल मार्केटलाच घाला, असं सांगायचं होतं. रोज फोन करणारा बागवाला त्या तिघांतला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एक मणी तोडला, दोन बोटांत दाबून पाहिला.

"भाव लय ताणला का दादा तुम्ही?"

"नाही हो. मशीन बिघडलं होतं."

"असं," तो म्हणाला, आणि तोडीच्या टोळीला फोन लावायला बांधाकडे गेला. म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी पूर्ण भाव कबूल केला होता, हे मी त्याला सांगितलं नाही.