मनगटापर्यंतचा हात

मालवणच्या बाजारामागे एक छोटं कलादालन आहे. रविवारी कोळशाने चित्रं काढायला कुणीही यावं, असा तिथे बोर्ड लागला होता. लग्नाआधी मी पुष्कळ चित्रं काढायचे. जायचं फार मनात होतं, पण सासूबाईंना घरी एकटं ठेवता येत नाही. त्यांना आता काही आठवत नाही. मी दिसेनाशी झाले की गेटापर्यंत येऊन रडतात. न्हाणीघराचं दारही मी नुसतं लोटून ठेवते. नवरा टेम्पो चालवतो, त्याला मासळीची भाडी होती. म्हणाला, "आयेक घेवन जा मगे."

घेऊन गेले.

वरच्या मजल्यावरचा हॉल भरलेला होता. कागद, फळी आणि कोळशाच्या कांड्या मिळाल्या. मी एक रेघ ओढली आणि तेवढ्यात सासूबाईंनी माझा उजवा हात धरला.

"घराक जावया गो."

"जावया आये, थोड्या वेळान."

शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. "काय चेहरा आहे यांचा! बसतील का खुर्चीवर? सगळे यांचंच काढतील."

मी नको म्हणायच्या आत खुर्ची आली. सासूबाई बसल्या, पण माझा हात सोडेनात. सोडवायला गेले की ओरडत. बाई म्हणाल्या, "राहू दे. तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या राहा."

उभी राहिले. सगळ्यांच्या नजरा वर येत, खाली जात, कागदावर कोळसा खसखसत होता. बोटांना मुंग्या आल्या. नाकावरचा घाम पुसता येईना, डाव्या हातात त्यांची पिशवी आणि पाण्याची बाटली. खिडकीतून आचऱ्याची एसटी जाताना दिसली. हात हिसकून खाली पळत सुटावं, असं वाटलं. नेमक्या तेव्हाच सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या, अगदी निर्धास्त. मला रडू आलं, आणि रागही.

मग चित्रं भिंतीला लावली. नाकातली चमकी, सुरकुत्या, सुटलेला अंबाडा. कुणाकुणाला फार छान जमलं होतं. आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात त्यांच्या मुठीत माझा हात होता. मनगटापर्यंत. त्यापुढे कोरा कागद.

निघताना बाईंनी एक चित्र आम्हाला दिलं, उरलेल्या कांड्याही दिल्या. "पुढच्या वेळी एकट्या या हं."

"बघते," म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याने चित्र निरखून पाहिलं. "आये बरी इली. आणि हो हात कोणाचो?"

"माझो."

"हां," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, तेव्हा मी ते चित्र स्वयंपाकघरात पसरलं. मनगटापासून पुढे रेघ ओढली. बांगड्या काढल्या, कोपर आलं. दंडाला सुरुवात करणार, तोच खोलीतून हाक आली.

"गो, खंय गेलंस?"

"हयच आसंय," म्हणत मी पदराला बोटं पुसली आणि आत गेले.