रिकाम्या जागेतले काका

कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये फ्लेक्सची गुंडाळी उलगडली आणि मी दोन पावलं मागे सरकले. माझ्या विद्यार्थिनीने, दीपालीने, तोंडावर हात ठेवला. तिचे वडील मात्र कौतुकाने बघत उभे होते.

"कसं झालंय मॅडम? एकदम भरलेलं वाटतंय ना?"

भरलेलंच होतं. तीच तर पंचाईत होती. आणि परीक्षा घ्यायला बाहेरून येणारे एक्झामिनर नाशिकच्या हद्दीत शिरले होते.

मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात व्हिज्युअल डिझाइनची मूलतत्त्वं शिकवते. म्हणजे बोर्डावर बघणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, मग कुठे, हे ठरवायला शिकवते. पहिल्या तासाला मी मुलांना चौकात नेऊन वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभं करते. वाढदिवस कुणाचा ते शोधा म्हणते. शुभेच्छुकांच्या गर्दीतून उत्सवमूर्ती सापडेपर्यंत मुलं वैतागतात. मग मी निगेटिव्ह स्पेस हा शब्द सांगते. निगेटिव्ह स्पेस म्हणजे मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा. ती वाया गेलेली नसते, कामाला लावलेली असते.

दीपालीला हे पटायला बराच वेळ लागला. तिचे वडील देवरेभाऊ मालेगावला हायवेलगत फ्लेक्स छापतात. कोरी जागा दिसली की ही पोरगी तिथे फूल टाकायची, फूल नाही तर सूर्याची किरणं. वर्षभर मी तिच्या डिझाइनमधली फुलं उपटत होते. पण परीक्षेसाठी तिने जे केलं ते बघून मला तिचा हेवा वाटला. विषय होता, शाळेजवळ लावायचा बोर्ड. तिचा बोर्ड आडवा, भला मोठा, पांढराशुभ्र. खाली एका कोपऱ्यात दप्तर घेऊन रस्ता ओलांडणारी एवढीशी मुलगी. तिच्याजवळ दोनच शब्द, 'हळू चालवा'. त्या पांढऱ्यात ती इतकी एकटी दिसायची की पाय आपोआप ब्रेकवर जावा.

परीक्षेचा नियम असा की काम खऱ्या आकारात छापून लावायचं. स्क्रीनवर दाखवलेलं चालत नाही. परक्या प्रिंटरला आम्ही पीडीएफ पाठवतो, म्हणजे त्याला सहसा काही बदलता येत नाही. पण वडिलांना कशाला पीडीएफ? दीपालीने ओपन फाईल पाठवली. गुंडाळी घेऊन ते स्वतः सकाळीच मालेगावहून निघाले.

आता त्या पांढऱ्या जागेत मधोमध दीपालीचा फोटो होता, भोवती किरणं. वर 'हार्दिक अभिनंदन'. बाजूला मोठे काका, मधले काका, मामा आणि गॉगल घातलेले आतेभाऊ. 'शुभेच्छुक: समस्त देवरे परिवार'. शाळेची मुलगी मधल्या काकांच्या खांद्याखाली कुठेतरी होती.

"पप्पा, हे काय केलं?"

"अगं, एवढी जागा तशीच सोडलेली. मला वाटलं घाईत राहून गेली. गिऱ्हाईक असतं ना, तर म्हणलं असतं अर्धा फ्लेक्स कोराच दिला."

दीपालीचे डोळे भरून आले. मला माझी काळजी वेगळीच. प्रवेशाच्या वेळी देवरेभाऊ माझ्यासमोर बसून म्हणाले होते, "एक वर्ष देतो मॅडम. पास झाली तर पुढं शिकंल. नाय झाली तर दुकानातल्या कॉम्प्युटरची खुर्ची तिचीच हाय." त्यावर मी छातीठोकपणे म्हणाले होते, "ती पास होईल, मी सांगते ना." असं सांगून बसायची मला खोड आहे. आणि आज तिला नापास करायला तिच्या बापाचं प्रेमच उभं राहिलं होतं.

इंदिरानगरच्या ओळखीच्या प्रिंटरला फोन लावला. तो म्हणाला, "निवडणुकीचं काम चालू आहे मॅडम. पक्षवाले आज मशीनला हात लावू देणार नाहीत." फोन ठेवते तोच प्राचार्यांचा आला.

"एक्झामिनर द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेत. सगळं तयार आहे ना?"

"हो सर," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा द्वारकेच्या ट्रॅफिकसाठी देवाचे आभार मानले.

"मॅडम, गॅदरिंगचा जुना फ्लेक्स आहे ना आपल्याकडे?" दीपालीने नाक पुसत विचारलं. "त्याची पाठ पांढरी आहे. कापून यावर चिकटवते."

"काकांवर पट्ट्या मारणार?" देवरेभाऊ फ्लेक्सच्या आडवेच आले. "फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकून बसलोय. सगळे खूश हायेत. काय सांगू त्यांना?"

मी समजवायला लागले. नजरेचा क्रम, कॉन्ट्रास्ट, मोकळी जागा, वर्षभराचा सिलॅबस एका दमात. माझा आवाज चढत होता आणि देवरेभाऊंचा चेहरा बंद होत होता. वीस वर्षं शिकवते मी, पण त्या वेळी एक वाक्य धड सांगता येईना.

दीपालीने मला थांबवलं. दोन मुलांना फ्लेक्स कंपाउंडच्या भिंतीवर धरायला सांगितला आणि वडिलांचा हात धरून त्यांना रस्त्यापलीकडे नेलं. मीही मागे गेले. मधून गाड्या जात होत्या.

"पप्पा, तुम्ही गाडी चालवताय. बघा आता."

ते बघत राहिले. मग डोळे बारीक केले. एक पाऊल पुढे आले, पुन्हा मागे गेले.

"पोर कोठे शे?" ते म्हणाले. घाबरले की त्यांची अहिराणी बाहेर येते.

"गाडीवाल्यालाही ती दिसणार नाही, पप्पा. आणि तो शोधायला थांबणार नाही."

देवरेभाऊ मागे वळले. रस्ता ओलांडून आले आणि कटर मागितला. सराईत हात होता. सटासट पट्ट्या कापल्या, टेप लावला, काकांना झाकलं, मामांना झाकलं. दीपालीच्या फोटोपाशी मात्र हात अडखळला.

"माझा पण झाका, पप्पा."

त्यांनी झाकला. हाताने दाबून दाबून बसवला. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

एक्झामिनर आले. मितभाषी गृहस्थ. बोर्डासमोर उभे राहिले, लांब गेले, परत आले. तेवढ्यात उन्हाने टेप सुटला आणि एका कोपऱ्यातून मोठ्या काकांची मिशी बाहेर आली.

"हे काय आहे?"

दीपालीने माझ्याकडे पाहिलं. मग देवरेभाऊ पुढे झाले. "मी छापलं साहेब. तिनं मोकळं दिलं होतं, मी भरलं. तिची चूक नाय."

एक्झामिनरांनी दीपालीकडे पाहिलं. "आणि मग मोकळं कुणी केलं?"

"तेही पप्पांनीच," दीपाली म्हणाली.

निकाल लागला. दीपाली पास झाली. फिनिशिंगचे मार्क मात्र गेले, आणि ते जायलाच हवे होते. देवरे परिवाराच्या ग्रुपवर पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. जूनमध्ये ती पुढच्या वर्षाला आली, तेवढं मला पुरे.

पहिल्या तासाला मी अजूनही मुलांना चौकात नेते. फक्त एक सूचना वाढवली आहे. प्रिंटरला फाईल पाठवताना लॉक करून पाठवा. आणि प्रिंटर सख्खा बाप असेल, तर आधी त्याला रस्त्यापलीकडे नेऊन उभं करा.