गेको वाढत का नव्हता
भिंतीतून काढलेला प्लग दिसला की किहीमच्या घरातली ती थंडगार काचपेटी आठवते. मुलीने तिच्यात लेपर्ड गेको पाळला होता, पिवळी, ठिपक्यांची परदेशी पाल. किडे भरपूर खायचा, पण वाढेचना. दर रविवारी त्याला वजनकाट्यावर ठेवताना मुलगी रडवेली व्हायची. अलिबागच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, “पोटाखाली ऊब असते ना? नाहीतर खाल्लेलं पचत नाही.” मी ठामपणे हो म्हटलं. घरी आले, तर आमच्याकडेच राहणारे दीर पेटीखालच्या हीटिंग पॅडचा प्लग काढत होते. “रोजच काढतो, वहिनी. पालीला कसली ऊब? मरू दे एकदाची!” माझ्या पोरीसोबत दर रविवारी काटा बघायला हाच माणूस बसायचा! त्यांना मी तेव्हाच घराबाहेर काढलं. गेको पुढे छान वाढला. घरचे म्हणतात, आता दिरांवरचा राग सोड. मी सोडलेला नाही.