वय विचारणारी सेन्सेई

आमची सेन्सेई, म्हणजे जपानीत बाई, शिक्षिका, माणसाला नावाआधी वय विचारायची. म्हटलं, बाईमाणसाला वय विचारतेस, काही रीत? पण ही मूळची कोरियाची, आणि त्यांची रीतच ती! समोरचा मोठा की धाकटा हे कळल्याशिवाय बोलायचं कसं आणि वाकायचं किती, हेच ठरत नाही. मी अडुसष्ट सांगताच तिने मला स्वतःची खुर्ची दिली, दोन्ही हातांनी चहा दिला आणि मग 'दवाखान्यात सगळे समान' या विषयावर तासभर बोलली.

जपानातल्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षांत मी तिथे सेंदाईला मुलाकडे राहत होते. घरात बसून कंटाळले, तेव्हा तिथल्या एका मेडिकल कॉलेजात खोटा पेशंट व्हायचं काम धरलं. विद्यार्थ्यांनी तपासायचं, मी कण्हायचं. शिकवायला ही. परदेशी, म्हातारे, अपंग पेशंटशी कसं वागावं, हा विषय तिला कोरियातल्या तिच्या कॉलेजात सुरू करायचा होता. "माझ्या आईला ऐकू यायचं नाही," एकदा म्हणाली. "डॉक्टर तिच्याकडे बघायचेच नाहीत. सगळं मला विचारायचे. मी एवढीशी होते." दोघींचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण हे नीट कळलं. पोरीची फार माया आली मला.

शेवटी तिचे डीन कोरियाहून धडा बघायला आले. त्यांना पटलं तरच विषय सुरू होणार. मी पोट धरून बसले, शेजारी पेशंटचा नातेवाईक म्हणून माझा मुलगा. विद्यार्थी अडखळला तसे डीनच पुढे सरसावले आणि मुलाला विचारू लागले, "यांना कधीपासून दुखतंय? जेवतात का?"

झालं! नेमकी तीच चूक. सेन्सेई लालेलाल झाली, पण साहेबांना टोकणार कशी? मान खाली घालून हळूच म्हणाली, "सर, कुलकर्णी-सान तुमच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या आहेत."

मग मी कशाला सोडते! "अहो, पोट माझं दुखतंय. त्याला काय विचारता?"

डीन ताडकन उठले, कमरेत वाकले आणि सगळं पहिल्यापासून मला विचारलं. समानता आली, पण वयाच्या वशिल्याने.

ती कोरियाला परत गेली. पुढे एकदा फोन आला, विषय मंजूर झाला, त्याचं पुस्तकही निघालं म्हणून. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

"पुस्तकावर नाव तुझंच ना?"

"शेवटी आहे. आधी सरांचं. ते मोठे."

"अगं, कष्ट तुझे, आई तुझी!" मी भडकलेच.

ती हसली. "तुमचंही घालणार होते. पण मग ते सरांच्या वर घालावं लागलं असतं."